चादरीचं दुसरं टोक

थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षी शिडी लाँड्रीत कामाला लागली. वय एकोणीस, उंची दाराच्या चौकटीला टेकेल एवढी, म्हणून सगळे तिला शिडीच म्हणत. हॉटेलांच्या मोठाल्या चादरी तिथं धुवायला येत. अशी चादर एकटीच्यानं घडी होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची आणि चालत जवळ यायचं.

एके दिवशी मॅनेजरनं शिडीच्या इस्त्रीचं कौतुक केलं आणि तिचे ग्रह फिरले. मुलींची म्होरकी होती महाराणी. ती एवढंच म्हणाली, "ही साहेबांच्या कानाला लागते बरं!" झालं, शिडी वाळीत पडली. शिव्या नाहीत, भांडण नाही. ती आली की हसणं बंद, डबा खायच्या बाकावर जागा नाही, आणि चादरीचं दुसरं टोक धरायला कोणी नाही. शिडी हनुवटीखाली चादर दाबून एकटीच घडी घाली. टोक ओल्या फरशीला लागे, चादर परत धुवायला जाई आणि बोलणी हिला बसत. शेवटी "उद्या काम सोडते," असं तिनं एका सकाळी आईला सांगून टाकलं.

त्याच दिवशी गठ्ठे न्यायला नवा ड्रायव्हर आला. बुटका, गालाला खळी. वाफेतून त्याला शिडी दिसली.

"अहो, चादर खाताय की घडी घालताय?"

शिडी दचकली. किती दिवसांनी कोणी तिच्याशी बोललं होतं... "धरायला कोणी नाही," ती पुटपुटली.

"मग मी काय खांब आहे?" त्यानं टोक उचललं.

महाराणी कडाडली, "ए ड्रायव्हर! हिच्याशी बोललास तर आमच्यातली एकही तुझ्याशी बोलणार नाही."

"मग आत्तापासूनच सुरू करा की! आल्यापासून कान किटलेत माझे."

चादर मात्र घसरगुंडीसारखी तिरकी झाली.

"जरा वर धरा ना..."

"आणखी वर? माझे हात संपले!"

तो पालथ्या बादलीवर चढला. बादली सरकली आणि चादरीत गुंडाळलेला ड्रायव्हर धपकन खाली! महाराणीच्या जोडीदारणीला हसू आवरेना. ती टोक सोडून धावत आली. "सर बाजूला, तुला नाही जमायचं. शिडे, आण इकडे!" बाकीच्याही हसत भोवती जमल्या.

अर्धी चादर हातात घेऊन महाराणी एकटीच उभी राहिली. शिडीनं ते पाहिलं. ती गेली आणि महाराणीच्या चादरीचं दुसरं टोक धरलं. महाराणीची मान खाली गेली.

शिडीनं काम सोडलं नाही. ड्रायव्हर रोज यायचा, रोज एक तरी चादर धरायचा. एकदा जवळ आल्यावर त्यानं तिची बोटं सोडलीच नाहीत.

"सोड ना... घडी झाली."

"मला नाही वाटत. जन्मभर लागेल शिकायला."

शिडी लाल झाली. "आईला भेटायला ये मग. आणि बादली नको आणू — मी वाकेन."

संसार मजेत झाला. आता शिडीच्या चादरीचं दुसरं टोक धरायला महाराणी येते. दोघी म्हाताऱ्या भांडत भांडत वाकडी घडी घालतात. धाकटी नात चालायला लागली त्या वर्षी, हिवाळ्यात, ड्रायव्हर झोपेतच वारला.