श्रावण संपला तरी

खानावळीत अळूवडीची एकच प्लेट उरली होती आणि मागणारे दोघे होते.

वालीवला, कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये दाटीवाटीने उभी असलेली ती पत्र्याची खानावळ. ऑगस्टचा पाऊस सकाळपासून एका लयीत पडत होता. पत्र्यावर त्याचा इतका आवाज, की काउंटरवरच्या बाईंना दोघांची मागणी एकदमच ऐकू आली. त्यांनी क्षणभर दोघांकडे पाहिलं, प्लेट उचलली आणि एकुलत्या रिकाम्या टेबलावर बरोबर मधोमध ठेवली. पाच आहेत, वाटून खा, म्हणाल्या.

स्टेफी बसली. समोर तोही बसला. त्याच्या चष्म्याच्या काचांवर पावसाचे थेंब होते आणि ते पुसायला त्याच्याकडे कोरडं असं काहीच नव्हतं. तिने आपला रुमाल पुढे केला. दोघांनी दोन-दोन वड्या खाल्ल्या. पाचवी त्याने चमच्याने कापली, वाकडीच कापली गेली, आणि मोठा तुकडा तिच्याकडे सरकवला.

"श्रावण?" त्याने विचारलं.

"नाही. मी कॅथलिक आहे."

तो चष्म्यातून तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने आपलं दुःख सांगितलं. नाव विघ्नेश, शेजारच्या गल्लीतल्या कारखान्यात साच्यांची ड्रॉइंग करतो, राहतो विरारला, मूळ देवगडचा. श्रावणात आई घरात मासा येऊ देत नाही, आणि अजून एकोणीस दिवस जायचे आहेत. तिच्यावर कुणाची सक्ती नसताना ती इथे अळूवडी खात बसते, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना.

"मी मांस-मासे सोडलेत," ती म्हणाली. "एप्रिलपासून."

आता पुढचा प्रश्न येणार, म्हणून ती सावरून बसली. गेले चार महिने प्रत्येकाने तोच विचारला होता – का? पण विघ्नेश पुढे झुकला आणि एखादी मुलगी दूरच्या देशातून परत आली असावी, अशा कुतूहलाने म्हणाला, "मग रोज खाता काय?"

स्टेफीला हसू आलं. ईस्टरनंतर ती जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदाच हसत होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर म्हणून ती डबाच घेऊन आली. नंदाखालच्या त्यांच्या वाडीतल्या केळीचं केळफूल, रात्री ताकात बुडवून ठेवलेलं, वर ओलं खोबरं. विघ्नेशने पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि मग डबाच आपल्याकडे ओढून घेतला. तिसऱ्या दिवशी शेवग्याच्या पानांची भाजी. चौथ्या दिवशी तो तिच्यासाठी आईच्या हातची सोलकढी घेऊन आला, पाण्याच्या बाटलीतून. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते दोघांनाही कळलं नाही. खानावळीच्या बाई मात्र आता ते टेबल दुसऱ्या कुणाला देत नव्हत्या.

त्याने न विचारलेलं तिने हळूहळू आपणहून सांगितलं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात दरवर्षी ती काहीतरी सोडायची – कधी चॉकलेट, कधी मोबाइलवरच्या मालिका. या वर्षी, तो काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, तिने मांस, मासे, अंडी, सगळंच सोडलं. ईस्टरच्या दुपारी मम्मीने बदकाचा रस्सा वाढला आणि स्टेफीचा हात ताटाकडे गेलाच नाही. किळस नव्हती, नवस नव्हता. आत कुठेतरी खिडक्या उघड्या टाकलेल्या खोलीसारखं मोकळं वाटत होतं आणि ते मोकळेपण तिला परत द्यायचं नव्हतं… एवढंच. मम्मीला हे सांगता येईना. मम्मीने आधी तब्येतीचं विचारलं, मग कुणी काही शिकवलं का ते विचारलं, आणि शेवटी ताट उचलताना पाठमोरीच म्हणाली, "आमच्या जेवणाची लाज वाटते का तुला?"

तेव्हापासून स्टेफी स्वतःपुरतं वेगळं शिजवत होती. दोघी एकाच स्वयंपाकघरात, एकमेकींना न बोलता मीठ देत.

विघ्नेशने हे ऐकून काहीही सल्ला दिला नाही. फक्त त्या दिवशी डबा धुऊन दिला. आणि डबा देताना त्याची ओली बोटं तिच्या बोटांपाशी जरा जास्तच रेंगाळली.

श्रावण संपला. आता विघ्नेश खानावळीत येणार नाही, पलीकडच्या गल्लीत मासळीची थाळी मिळते तिकडे जाईल, असं तिने स्वतःला समजावून ठेवलं होतं. तो आला. दुसऱ्या दिवशीही आला. मासे रविवारी घरी खाईन, म्हणाला, दुपार मात्र इथलीच. स्टेफीने मान खाली घालून भात कालवला. भात आधीच कालवलेला होता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी त्याने तिला घरी जेवायला बोलावलं.

विरारच्या चौथ्या मजल्यावरचं ते घर खोबऱ्याच्या आणि तिरफळाच्या वासाने भरलं होतं. विघ्नेशची आई, वसुंधरा, दारातच म्हणाल्या की पोरी, तू आलीस, बरं झालं. आवाजात थोडी भीती होती, थोडी हौस. त्याचे बाबा कमी बोलणारे. त्यांनी पंखा तिच्याकडे वळवला. मग पानं वाढली गेली, आणि स्टेफीच्या ताटात पडला अख्खा तळलेला पापलेट, शेजारी सुरमईचं कालवण.

"सकाळी सातला बंदरावर गेले होते," वसुंधरा म्हणाल्या. "मी यांना म्हटलं, देव वेगळा असेल, पण मुलगी मासे खाणारी आहे. निम्मी काळजी तिथेच मिटली."

स्टेफीने विघ्नेशकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता. त्याने सांगितलंच नव्हतं. आईची निम्मी काळजी ज्या गोष्टीने मिटली, ती गोष्ट त्याने तशीच राहू दिली होती.

वसुंधराबाईंच्या मनगटावर तेलाचा ताजा चटका होता. त्यांच्याकडे पाहून स्टेफीला वाटलं, खावा एक घास, काय होणार आहे… तिचा हात ताटापर्यंत गेलाही. आणि तेवढ्यात विघ्नेश बोलला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

"आई, ती मासे खात नाही. मी तुला सांगायला हवं होतं. घाबरलो."

वसुंधरा उठल्या, पापलेट उचलून विघ्नेशच्या ताटात ठेवला आणि आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. मग त्या सोलकढी आणि भात घेऊन आल्या, स्टेफीला वाढला आणि मुलाकडे वळल्या. "तीन दिवस आधी सांगितलं असतंस तर वाल भिजत घातले असते. पाहुण्याला कुणी नुसता भात वाढतं का?"

स्टेफी सोलकढी-भात जेवली. चांगला झाला होता. पण जिना उतरताना तिने विघ्नेशला सोबत येऊ दिलं नाही. ती इतकंच म्हणाली की एप्रिलपासून तिने सगळ्यांना खरं सांगितलं, मम्मीला दुखवूनही सांगितलं, आणि त्याने तिला आपल्या घरात दुसरीच कुणी करून नेलं. तो म्हणाला, हो, तसंच केलं. त्याने सबब सांगितली असती तर तिला राग धरून ठेवायला सोपं गेलं असतं.

सोमवारी ती खानावळीत गेली नाही. मंगळवारीही नाही. स्कूटरवरून नंदाखालला परतताना संध्याकाळी पानमळ्यांवर, नारळांवर सोनेरी धुरकट उजेड असायचा, आणि त्या उजेडात तिला उगाचच एक चष्मा दिसायचा… ओल्या काचांचा.

बुधवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. वसुंधराबाई होत्या. वाल रविवारी संध्याकाळीच भिजत घातले होते, म्हणाल्या. आता मोड आलेत. सोलायला बरोबर कुणीतरी हवं.

ऑफिस सुटल्यावर स्टेफी थेट विरारला गेली. कोमट पाण्याच्या पातेल्यात वाल होते, शेपट्या फुटलेले. दोघी जमिनीवर बसल्या. चिमटीत धरला की दाणा सालातून सुळकन निसटायचा. बराच वेळ नुसता तोच खेळ चालला होता.

"लग्न होऊन इथे आले तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं," वसुंधरा पाण्याकडे बघत म्हणाल्या. "बाजारात मासेवालीशीच पहिली मैत्री झाली. मासा म्हणजे मला गाव. तुझ्याशी देव सारखा नाही, सण सारखे नाहीत. म्हटलं, ताट तरी सारखं असेल. म्हणून धरून बसले होते मी."

स्टेफीचे डोळे भरून आले. मम्मीलाही कदाचित असंच काहीतरी म्हणायचं होतं, आणि तिला फक्त लाजेचं बोलता आलं.

"काकू, मी खात नाही," ती म्हणाली, "पण मासे साफ करायला मला चांगलं येतं. डॅडींचे अजून मीच करते."

वसुंधराबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि हसल्या. सोललेले वाल परातीत घेऊन त्या आत गेल्या आणि त्याच वेळी विघ्नेशने दार उघडलं. स्टेफीला जमिनीवर बसलेली पाहून तो चप्पल काढायचंच विसरला. मग आठवलं, मागे गेला, काढली, येऊन पातेल्याच्या पलीकडे बसला.

बाहेर परतीच्या पावसाची एक सर सुरू झाली होती. ग्रिलमधून बारीक तुषार आत येत होते. त्याने एक वाल उचलला, दाबला, आणि दाणा उडून सोफ्याखाली गेला. दुसराही गेला.

"माझ्यामुळे तुला त्या ताटासमोर बसावं लागलं," तो म्हणाला. "पुन्हा तसं होणार नाही."

पाण्यात तिचा हात होता, त्याचाही होता.

"एक विचारू? म्हणजे… आपलं घर झालं, तर दोन कढया घ्याव्या लागतील."

"एक मोठी आणि एक छोटी?"

"दोन्ही सारख्या."

स्टेफीने मान वर केली. त्याच्या काचांवर पुन्हा तुषार जमले होते आणि त्यामागचे डोळे अजिबात मस्करी करत नव्हते.

"हे विचारणं झालं का?" ती हळूच म्हणाली. "नीट विचार ना."

मग त्याने नीट विचारलं. तिच्या नावासकट, अडखळत, एक शब्द दोनदा उच्चारून.

आत कढईतलं तेल तापल्याचा वास येत होता, पण फोडणी काही पडत नव्हती. स्वयंपाकघर कान देऊन थांबलं होतं. स्टेफीच्या ते लक्षात आलं. म्हणून ती 'हो' म्हणाली ते जरा मोठ्यानेच, आतपर्यंत जाईल असं.

आणि आत मोहरी तडतडली.