खदानीच्या फाट्यावरचा हात

लाइन गेली की तुम्हा पोट्ट्याईले माझी आठवण येते. एरवी दुकानासमोरून जाता तं कोणी मान हालवत नाई. गाडीले सामानाचे डबे बसवाचे असले तं नागपूर गाठता, तिथले चकचकीत ॲल्युमिनियमचे पाहिजे तुमाले, वासुदेवकाकाचं लोखंड नको. अन अंधार पडला का आले सगळे, 'काका, ते निकेशभाऊचं सांगा ना.' माझं डोकं दुखून राह्यलं सकाळपासून, त्याचं कोणाले काही नाई. बरं, सांगतो. मधात कोणी मोबाइल पेटवला तं उठून घरी जाईन. अन भूत खरं का खोटं हे मले विचारू नका. चौथी नापास वेल्डर हाव मी. निकेशनं जे सांगतलं अन माझ्या हातानं जे उघडून पाह्यलं, तेवढंच सांगीन.

मागच्या सालची तान्ह्या पोळ्याची रात्र. शनिवार. दिवसभर लेकरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार बोजाऱ्याचे पैसे मागत फिरले होते, संध्याकाळी पाऊस येऊन उघडला होता. साडेनऊ झाले असतीन. मी शटर ओढत होतो तं निकेश आला.

"काका, मागच्या चाकाची एक ट्यूब द्या."

"आता काऊन?"

"अंकुशचा फोन आलता. सेलूहून येऊन राह्यला. तलावापाशी चाक बसलं त्याचं. एकटाच हाये."

"मग मेन रोडनं जाजो."

"लय फेरा पडते, काका. तलावाकडं वाघ फिरून राह्यला म्हणते, अन तो एकटा. कच्च्यानं जातो, अर्ध्या तासात पोचतो."

ट्यूब देली. पंप देला. हेल्मेटचा पट्टा त्यानं दोनदा लावला, दोनदा सोडला, ते मले दिसलं. कारण कच्चा रस्ता म्हणजे खदानीचा फाटा, अन त्या फाट्यावर दीड वर्षात त्यानं पाय ठेवला नव्हता. पण तुमच्या गाडीवाल्या ग्रुपचा पुढारी झालता ना. भेतो म्हणून कसं सांगन?

आता मागचं ऐका, नाई तं काही समजणार नाई.

हा ग्रुप निकेशनं सुरू केला. जुनी दोनशे सीसीची गाडी होती त्याची. त्यानंच तिचे शॉकअप कडक केले, गाठीगाठीचे टायर टाकले, हँडल उंच केलं. नाल्यात, ढेकळात, गिट्टीत कशी उभ्यानं चालवाची हे त्यानं बाकीच्याईले शिकवलं. आदेशलेही त्यानंच शिकवलं. आदेश पयले त्याच्या मागच्या सीटवर बसून फिरे. मंग आदेशच्या बापानं वावर विकलं अन पोट्ट्याले उंच, मोठी, साडेचारशे सीसीची गाडी घेऊन देली. गुडघ्याले ढाल, छातीले ढाल, बोटाबोटाले गादी असलेले हातमोजे. आदेश लेहले जाऊन आला, स्पितीले जाऊन आला. मोबाइलवर हजारो लोक त्याले पाहू लागले. अन ग्रुपमधी पुढं कोण? आदेश. दुसऱ्या नंबरवर निकेश.

निकेश आतून जळे. माझ्याजवळ येऊन बसे अन आदेशची गाडी आली की म्हणे, "पाह्यलं का काका, चेन किती ढिली ठेवते. हिमालयात गेला म्हणे." चेन चांगली राहे. जळत तं मीही होतो. गोपालच्या गाडीचा सामानाचा रॅक मी बनवला. तो रॅक लेहले जाऊन आला. माझ्या हातचं लोखंड बर्फ पाहून आलं अन मी अमरावतीच्या पुढं गेलो नाई. त्या रॅकवर अजून तिथली माती होती, मी ती पुसू देली नाई.

गोपाल म्हणजे ग्रुपमधला सगळ्यात मागचा. पाने, ट्यूब, पंक्चरचं सामान सगळं त्याच्याजवळ. कमी बोलणारा. कोणाची गाडी बसली का उतरून पहिले तिथं हात घालणारा.

अन ह्या लोकाईची एक रीत हाये, तुमाले माहीत हाये, तरी सांगतो. पुढचा फाट्यावर पोचला का दुसऱ्या नंबरच्याले तिथं उभा करते. तो हात लांब करून रस्ता दाखवते. मागून एक एक जण येते, हात पाह्यते, वळते. सगळ्यात मागचा आला, त्यानं दोनदा हॉर्न मारला, का उभा असलेल्याची सुट्टी. तोपर्यंत हालाचं नाई. पाऊस येवो, वाघ येवो. हालाचं नाई. कारण मागच्याले रस्ता माहीत नसते, त्याले फक्त तो हात माहीत असते. हात नाई दिसला तं तो सरळ जाते.

त्या रात्रीच्या दीड वर्षाआधी एका संध्याकाळी सगळे तलावाकडं चालले होते. एका गाड्याच्या कंपनीचा माणूस तलावापाशी येऊन बसला होता. ग्रुपमधून एकाले निवडणार होता, कंपनीच्या गाडीवर लदाखले न्यायले. खदानीच्या फाट्यावर आदेशनं निकेशले उभं केलं. डावीकडं तलाव, सरळ गेलं का बंद पडलेली गिट्टीखदान, पाण्यानं भरलेली, काठाले कठडा नाई.

"गोपाल आल्याशिवाय हालजो नको, निकेश."

एवढं म्हणून आदेश गेला. निकेश हात लांब करून उभा. मागचे एक एक करून निघून गेले. गोपाल राह्यला, अन अंधार पडला. कोणाची तरी चेन उतरली होती, ती तो बसवत होता. अन तिकडून, तलावाकडून, टाळ्या आल्या. आदेशचं नाव आलं... निकेशनं फाटा सोडला.

गोपाल सरळ गेला.

पाण्यातून काढला तवा गाडीचा रॅक तुटलेला होता. खदानीच्या दगडावर पडल्यावर काय तुटणार नाई? पण निकेश सगळ्याईसमोर म्हणाला, "मी उभा होतो. हात दाखवला. त्याची गाडीच वळली नाई, रॅक तुटून ओझं एका बाजूले गेलं." मंग गोपालचा बाप माझ्या दुकानासमोर आला. भर बाजाराच्या दिवशी. खुनी म्हणाला मले. थुंकला. मी जोड दाखवून राह्यलो होतो, जोड शाबूत होता, पाइप मुडपला होता, पण पोरगा गेलेल्या माणसाले कोण जोड दाखवते? तवापासून रॅक बनवाले माझ्याकडं कोणी येत नाई. तुम्ही पण नाई.

आदेशनं गाडी विकली, पुण्याले निघून गेला. निकेश पुढारी झाला.

तर ती रात्र.

निकेश गाव सोडून कच्च्याले लागला. चिखल बरा होता. गाडी बरी चालली होती. दोन्हीकडं कपाशी, मधात वारा नाई. बेडकं ओरडत होते. फाटा आला अन बेडकं बंद झाले.

गाडी बंद पडली.

बरोबर तिथंच. जिथं तो त्या दिवशी उभा होता तिथं. त्यानं बटन दाबलं. टिक. पुन्हा दाबलं. टिक... किक नाई त्या गाडीले. लाइट मात्र चालू. समोर खदानीचा रस्ता पांढरा पांढरा दिसे.

आरशात उजेड आला.

मागून गाडी येत होती. एकच लाइट. पिवळा. आता सगळ्याच्या गाडीले पांढरे लाइट, पिवळा कोणाचा? अन एका बाजूले जरा कललेला...

तेवढ्यात डावीकडून, तलावाकडून, टाळ्या आल्या.

ह्या रात्री. त्या अंधारात. टाळ्या. अन कोणीतरी ओरडून राह्यलं, "आदेश! आदेश!"

निकेश मले म्हणाला, "काका, भेव वाटाले पाहिजे होतं ना? मले भेव नाई वाटलं. मले राग आला. अजूनही आदेशच? पुढारी मी हाव, अन अजूनही आदेशच?"

अन त्याची गाडी आपोआप सुरू झाली.

त्यानं क्लच दाबला. गेर टाकला. गाडी दोन हात पुढं सरकली, डावीकडं...

मागचा पिवळा उजेड त्याच्या पाठीवरून गेला. सरळ गेला.

मंग पाण्याचा आवाज.

मोठा. एकदाच.

मंग काही नाई...

गाडी पुन्हा बंद. टाळ्या बंद. निकेश तसाच बसलेला. घाम. उलटी आली, हेल्मेटच्या आतच. काढून टाकलं हेल्मेट. चिखलात पडलं ते. अन आरशात पाह्यलं तं... लांब... तोच उजेड. पिवळा. पुन्हा येऊन राह्यला.

पुन्हा टाळ्या.

पुन्हा गाडी सुरू.

यावेळी उजेड त्याच्या मागं येऊन थांबला. त्याच्या गाडीच्या मागं, हात लावशीन इतक्या जवळ. इंजिनाचा आवाज नाई. निस्ता उजेड. अन पाणी ठिबकाचा आवाज. टप... टप...

"निकेश."

हळू आवाज. गोपालचा.

"निकेश, कोन्ती बाजू?"

तलावाकडं लोक ओरडत होते. आदेश, आदेश. गाडी निस्ती गुरगुरत होती, क्लच सोडाचा अवकाश. निकेशचा हात क्लचवर. मले सांगे, काका, मले तिकडंच जायाचं होतं. मरून गेलेला माणूस मागं उभा हाये, अन मले अजूनही आदेशच्या पुढं जायाचं होतं.

मंग त्यानं चाबी बंद केली.

उतरला. मागं पाह्यलं नाई. आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभा राह्यला. डावा हात लांब केला.

"डावी," म्हणाला.

उजेड हालला नाई.

"डावी, गोपाल. सरळ नको. डावी."

टप... टप...

"मी हाव इथं. जात नाई."

मंग उजेड हालला. त्याच्या बाजूनं गेला. थंड वारा लागला, जसा खदानीच्या काठावर उभं राह्यल्यावर लागते. बाहीवर पाणी उडालं. निकेशनं डोळे मिटून घेतले. चाकाखाली गिट्टी वाजली. ऐकत राह्यला तो. सरळ... का डावी... सरळ... का डावी...

डावीकडं वाजली.

दोनदा हॉर्न.

मंग बेडकं ओरडू लागले.

अंकुश तलावाकडून फाट्यावर आला तं निकेश तसाच उभा. हात लांब. हेल्मेट चिखलात पडलेलं. अंकुश म्हणाला, "काय बे, कोणाले दाखवून राह्यला? मी इकडून आलो!" अंकुशनं धरून त्याचा हात खाली केला तवा तो खाली झाला.

"तुयं चाक?" निकेशनं विचारलं.

"झालं की. तूच पाठवला ना कोणीतरी? आला, उतरला, चाक खोललं, पंक्चर काढलं, हवा भरली. एक शब्द बोलला नाई, हेल्मेट काढलं नाई. हातमोज्यातून पाणी गळून राह्यलं होतं त्याच्या. मी म्हटलं पावसात सापडला असन. गावात चाल, चहा पाजतो म्हटलं तं निघून गेला."

"कोन्त्या बाजूनं?"

"मले का माहीत? मी चाकाकडं पाह्यत होतो."

एक वाजता दोघं माझ्या घरी आले. दार ठोकलं. माझी बायको ओरडली माझ्यावर, जसं मीच बोलावलं. मी चिमणी लावली. निकेश जमिनीवर बसला अन त्यानं सगळं सांगतलं, जसं मी तुमाले सांगतलं तसं, त्या दिवशी फाटा सोडला तिथपासून आजच्या हॉर्नपर्यंत. अंकुश ऐकत होता. ऐकता ऐकता तो निकेशपासून दूर सरकला. दीड वर्ष मी जोड शाबूत होता म्हणून सांगत होतो, तं कोणी ऐकलं?

"मले नको सांगू," एवढंच म्हटलं. "ज्याचा पोरगा गेला त्याले सांग."

सकाळी गेला तो. दोन्ही पायानं चालत गेला, गाडीवर नाई. गोपालच्या बापासमोर अंगणात उभा राह्यला अन फाटा मीच सोडला म्हणून बोलला, सगळी गल्ली ऐकत होती. त्या माणसानं त्याले मारलं नाई. ओट्यावरून उठला, घरात गेला, दार लावून घेतलं. निकेश दुपारपर्यंत अंगणातच उभा होता. मंग आपल्या घरी गेला. तवापासून ग्रुपमधी तो सगळ्यात मागं राह्यते. पाने, ट्यूब, पंप, सगळं त्याच्याजवळ. तुम्ही पाह्यताच.

दुपारी अंकुश दुकानात आला. "काका, मागचं चाक पाहा ना. दगडासारखं झालं, गाडी ओढतच नाई. रात्रीपासून जड जड."

दुकानात चार माणसं बसले होते. मी चाक फिरवलं. फिरेना. फिरलं तं थांबेना. व्हॉल्व्हची टोपी काढली. पिन दाबली. हवा निघाले पाहिजे ना?

पाणी निघालं.

पिचकारी उडाली, माझ्या तोंडावर, भिंतीवर. थंड. भर दुपारी तसं थंड पाणी मी पाह्यलं नाई. पांढरट, गिट्टीच्या भुकटीचं. मी घमेलं लावलं खाली. निघतच राह्यलं. घमेलं भरलं, दुसरं लावलं. चाक खोललं तं ट्यूबले पंक्चरचा तुकडा लावलेला, साफ, नीट, चारी कडा दाबून बसवलेला. ट्यूबमधी पाणी कसं भरते? सांगा मले. पंपानं भरते? तुमच्या नागपूरवाल्याले विचारा.

चार माणसाईनं पाह्यलं. गावभर झालं. संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडं गोपालचा बाप येऊन उभा राह्यला. मी घमेलं तसंच ठेवलं होतं. तो रस्ता ओलांडून आला, खाली बसला, पाण्यात बोटं घातले. लय वेळ. मंग खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक त्यात भिजवलं, पिळलं नाई, तसंच छातीले लावून निघून गेला.

माझ्याकडं पाह्यलंसुद्धा नाई.

बाजाराच्या दिवशी चार लोकाईसमोर मले खुनी म्हणाला होता. चार लोकाईसमोरच माफीचा एक शब्द यायचा बाकी हाये. बुढा झालो म्हणून मी तो सोडला असं समजू नका. गोपालच्या बापाचं नाव भैय्याजी कडवे, ध्यानात ठेवा.