पंधरवड्यातली दोन गिऱ्हाइकं

जेल रोडच्या त्या फ्लॅटचं दार उघडंच होतं. उज्वला पगारे आत शिरली, तर स्वयंपाकघरात एक अनोळखी माणूस सिंकखाली डोकं घालून बसलेला.

"गळतंय का?" तिने विचारलं.

"थोडंसं." डोकं बाहेर आलं, केसांत कोळ्याचं जाळं घेऊन. "घर तुमचं का?"

"अजून नाही. बघायला आलेय."

"मीही..."

दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. एजंट दीपक तिथे उभा राहून मोबाइलमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी वाचत होता.

एका वेळी दोन गिऱ्हाइकं बोलवायची, म्हणजे एकाला दुसऱ्याची धास्ती वाटते आणि सौदा लवकर जमतो. धंद्यातली जुनी युक्ती. पण पितृपंधरवडा चालू होता, घराचं नावही कुणी काढत नव्हतं, आणि दीपककडे ही दोनच गिऱ्हाइकं उरली होती.

"सॉरी हां मॅडम, म्हटलं एका फेरीत उरकू. पण तुम्हाला चालतं का, पितरांत घर बघितलेलं?"

"आमच्याकडे पितर पाळत नाहीत."

"आमच्याकडेही नाही," सिंकजवळून आवाज आला. मग तो हसला. "जय भीम. अमोल गांगुर्डे. घोटीला शाळेत चित्रकला शिकवतो."

"जय भीम," उज्वला म्हणाली. केसांतल्या जाळ्याबद्दल मात्र ती काही बोलली नाही. तसाच बरा दिसत होता.

मग हे रोजचंच झालं. ती जिल्हा परिषदेतलं काम संपवून येई, तो घोटीहून बसने. म्हसरूळच्या घराला उजेड नव्हता, इंदिरानगरच्या घराला पार्किंग नव्हतं, आणि जिथे सगळं होतं तिथला भाव ऐकूनच दोघं जिना उतरत.

"सिंहस्थ येतोय मॅडम, भाव चढणारच," दीपक म्हणे. "घटस्थापनेनंतर तर विचारूच नका."

जिने उतरताना एकेक गोष्ट कळत गेली. तिचे पपा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले होते. नाशिकरोडचं क्वार्टर दिवाळीच्या आत सोडायचं होतं, आणि भाड्याच्या घरात जायला ते तयार नव्हते. त्याची आई सायखेड्याला एकटी राही. गोदावरीला पूर आला की पाणी थेट उंबऱ्याला लागे.

"आई काय म्हणते माहितीय?" अमोल म्हणाला. "म्हणे, नदी वळखीची हाय, तुमचे शेजारी कुठं वळखीचे?"

उज्वला खळखळून हसली. तो जिन्यातच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही... पायऱ्या मोजत होतो."

"आणि मघाशी खिडकीपाशी? काय एवढं बघत होता?"

"काच चांगली आहे," तो म्हणाला. "तिच्यात मागचं माणूस स्पष्ट दिसतं."

ती घाईने पुढे उतरली आणि चुकीच्या स्कूटरला किल्ली लावत राहिली.

पाथर्डी फाट्याचं घर शेवटी शेवटी निघालं. पहिला मजला, कोरड्या भिंती, आवाक्यातला भाव. पाऊस नुकताच उघडला होता. स्वयंपाकघराची खिडकी दीपकने ढकलली आणि समोर ओला, हिरवा डोंगर उभा.

"बघा, पांडवलेणी! चहा करता करता दिसणार."

"त्रिरश्मी," दोघं एकदम म्हणाले. त्या बुद्धलेण्यांचं मूळ नाव. मग एकमेकांकडे बघून हसले. दोघांनाही ते घर हवं होतं. ते बोलायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीच्या सकाळी, उज्वलाने दीपकला फोन केला. "मला नको ते घर. सरांना द्या." पपांना काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. पण पाणी काही त्यांच्या दाराशी येत नव्हतं.

घटस्थापनेला दुपारी दीपकचाच फोन आला. आवाज रडवेला होता.

"मॅडम, गेलं ना घर! तुम्ही नको म्हणालात, सरांचाही तुमच्या आधीच नकाराचा मेसेज येऊन पडलेला, तो मी आज बघितला. आज सटाण्याची पार्टी आली, कांद्याचे व्यापारी. उभ्या उभ्या टोकन देऊन गेले. सरांनाही आत्ताच सगळं कळवलं."

संध्याकाळी महामार्ग स्टँडवर घोटीची बस लागली. सगळ्यात शेवटी अमोल उतरला. उज्वला समोरच उभी होती, हाताची घडी घालून.

"तुम्ही का नको म्हणालात?"

"तुम्ही का?"

"आधी मी विचारलंय."

"दिवाळीच्या आत तुम्हाला..." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आईची नदी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबेल. तुमचं क्वार्टर थांबणार नव्हतं."

"अहो, पण मला सांगायचं तरी! दोघांच्या मोठेपणात घर गेलं ना सटाण्याला!"

"हो." तो कसनुसा हसला. "त्या व्यापाऱ्याला काय कळणार त्या डोंगराचं..."

ती रागावूनच बघत होती. पण डोळ्यांत पाणी का येतंय, हे तिला कळत नव्हतं.

"उज्वला," तो म्हणाला. पहिल्यांदाच, मॅडमशिवाय. "मी हिशेब केला. दोघांचे पगार धरले, तर बँक तीन खोल्यांचं कर्ज देते. म्हणजे... अर्ज एकत्र केला तर... दोघांच्या नावाने..."

"थांबा. हे कर्जाचं चाललंय की लग्नाचं?"

"लग्नाचं," अमोल म्हणाला. कान लाल झाले होते. "कर्जाचं बोलायला धीर लवकर झाला, एवढंच."

मागे बसचा हॉर्न वाजला. दोघांपैकी कुणीच हललं नाही.

"पपा माझ्यापाशी राहतील."

"आई माझ्यापाशी. भांडतील दोघं."

"रोज."

"मग चार खोल्या लागतील का?"

आता मात्र ती हसली. डोळे ओढणीने पुसले आणि त्याच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

"पपांना भेटायला कधी येऊ?" त्याने हळूच विचारलं.

"क्वार्टर सोडायच्या आत या," उज्वला म्हणाली. "नंतर कुठला पत्ता देऊ तुम्हाला?"