खालची मुलं

संध्याकाळी शेवटचा रोलर फिरवायला म्हणून मुकादम शाळेच्या मैदानावर एकटाच मागे राहिला. पूर्वी या जागेवर जुन्या बॅटऱ्या वितळवायचा कारखाना होता, त्याचं शिसं जमिनीत मुरलेलं. सुट्टीभर खपून त्यानं ती विषारी माती कमरेइतकी उपसली, इथवर खणलं याची खूण म्हणून तळाशी नारिंगी कापड अंथरलं आणि वर चांगली माती भरली. राहिला तो फक्त घसरगुंडीजवळचा कोपरा. डंपर निघून गेले होते, शाळा उद्या उघडणार होती. तिथं त्यानं न खणताच कापड टाकलं आणि वर वीतभर माती पसरून दिली. वरून बघणाऱ्याला काय कळतंय!

रोलर फिरवून तो मागे वळला, तर कोपऱ्यात पावलं उठली होती. लहान, अनवाणी. पावलांचे खड्डे पडतात, हे उंचवटे होते. खालच्या बाजूनं मातीला पाय टेकत कुणी चालत गेलं असावं तसे. त्यानं पुन्हा रोलर फिरवला. ती पुन्हा उठली... आणि जळक्या शिशाचा वास घशात जाऊन बसला.

"सगळी निघाली ना हो माती?" मागून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला.

तो केवढा तरी दचकला. "निघाली, बाई."

"फार मोठं काम केलंत. आता पोरं बिनघोर खेळतील."

मुकादमाला मान वर करवेना. खाली पाहिलं, तर माती सपाट होती.

दुसऱ्या दिवशी त्याची लेक पहिलीत जायची होती. फाटकापाशी तो तिच्या कानात पुटपुटला, "घसरगुंडीकडे फिरकायचं नाही हं, बाळा." शेजारून लोकांची पोरं त्याच घसरगुंडीकडे धावत सुटली. शरमेनं त्याचं तोंड एवढंसं झालं, तरी त्यानं कुणाला हटकलं नाही.

दुपारी लेक घरी आली. "बाबा, मी नाही गेले तिकडे. खालच्या मुलांनीपण तेच सांगितलं."

"खालच्या वर्गातल्या?"

"असं काय करता बाबा! पहिलीच्या खाली वर्ग कुठाय?" ती हसली. "खालची मुलं. ती म्हणाली... तुला तुझ्या बाबांनी सांगितलं तरी. आम्हीपण कारखान्याच्या मातीत खेळायचो, आम्हाला कुणीच नव्हतं सांगितलं."

मुकादम तसाच, चपला न घालता, शाळेत जाऊन बाईंपुढे उभा राहिला. "बाई, मी खोटं बोललो. तो कोपरा खणलाच नाही मी. माझ्या पोरीला तेवढं सांगितलं, बाकीच्यांना नाही." बाईंनी त्याच्याकडे न बघताच शाळा बंद ठेवायची सूचना लिहायला घेतली. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

शाळा बंद ठेवून त्यानं तो कोपरा स्वतःच्या हातानं उपसला. शेवटचा डंपर गेला तेव्हा लेक त्याला बोलवायला आली होती. सुटलो एकदाचा, असं वाटून त्यानं तिचा हात धरला.

"बाबा, ती विचारतायत..." ती हळूच म्हणाली.

"कोण? काय विचारतायत?"

"पुलापलीकडच्या शाळेत कधी खणणार?"

पुलापलीकडच्या शाळेचं काम त्यानं गेल्या सुट्टीत केलं होतं. तिथंही एक कोपरा राहिला होता, हे त्यानं आजवर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.