अलीकडच्या काठावरचं खोगीर

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या नावेत गुडघे टेकून वाऱ्याशी भांडत होता. आज तो म्हणतो, भांडत नव्हतो, समजूत घालत होतो.

आमची नाव मोठी, सपाट बुडाची. माणसं, गुरं, कधी एखादा ट्रक घेऊन आपुरे नदी ओलांडायची. पापा सुकाणूवर, मी दोरावर. नदीच्या मध्यावर वारा जोर धरतो हे ज्याला ठाऊक नाही, तोच माणूस तिथं पेटीवर पत्ते मांडून बसेल. एक झोत आला आणि पत्ते उडाले. बाकीचे त्यानं अंगाखाली दाबून धरले. एक मात्र गिरक्या घेत पाण्यावर जाऊन पडला.

"तो नको!" तो ओरडला. "दुसरा कुठलाही जाऊ दे—तो नको!"

मी मासे धरायची जाळी टाकून पत्ता वर काढला. त्यावर भाला घेतलेला स्वार होता, घोड्याच्या छातीपर्यंत पाणी.

"घ्या डॉक्टर, तुमचा घोडा बरा पोहतो."

चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडे डॉक्टर म्हणतात. तो कानापर्यंत लाल झाला. "मी डॉक्टर नाही. मी... खेळ बनवतो."

"वय काय तुमचं?"

पापा सुकाणूवरून इतके हसले की नाव तिरकी झाली.

त्याचं नाव अन्सेल्मो. वालेन्सिया शहरातून आला होता, घोडे नदी कशी ओलांडतात ते बघायला. पापांनी त्याला आमच्या ओसरीवर जागा दिली. आमच्याकडे पाहुण्याला खाट देत नाहीत, दोन खांब देतात. झुला ज्याचा त्यानं आणायचा. त्यानं आपला निळा झुला बांधला, आणि त्याची गाठ लगेच सुटली. मी ती पुन्हा बांधली. जवळ उभा राहून तो गाठीकडे बघत होता... किंवा गाठीकडे बघत नव्हता.

संध्याकाळी कॉफी झाल्यावर त्यानं पत्ते मांडले. शिपाई, तोफा, नावा.

"वाचून दाखवा," मी म्हटलं. "अक्षरांची आणि माझी अजून ओळख नाही."

तो हसला नाही. सरकून जवळ बसला आणि शब्दाशब्दाखाली बोट फिरवत वाचू लागला. "स्वार. हा पाण्यात उतरतो आणि शत्रूची तोफांची नाव पकडतो."

मी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचण्याची काही गरज नव्हती.

"थापा!" मी म्हणाले. "घोडे कधी नाव पकडतात?"

"पकडली होती. याच नदीत. स्वातंत्र्याच्या लढाईत, तुमच्याच माणसांनी."

"माझे आजोबा सांगायचे," पापा म्हणाले. "मला वाटायचं, त्यांच्या पोटातली रम बोलतेय."

आम्ही खेळलो. स्वार माझ्याकडे आला आणि मी चुटकीसरशी जिंकले. "अजून एक!" पुन्हा जिंकले. मग स्वार त्याच्याकडे गेला, आणि माझी एकही नाव हलायच्या आत डाव संपला. मी पत्ते फेकले. "हा काय खेळ झाला?"

"तेच तर." त्यानं पत्ते गोळा केले. "पत्ता खरा आहे, पण ज्याच्या हातात येतो तोच जिंकतो. माझे सोबती म्हणतात, काढून टाक. सोमवारी छपाई सुरू होईल. तोवर याची कमजोरी सापडली नाही, तर स्वार गेला."

"मग कमजोरी घाला की."

"ते म्हणतात, नाणं उडवा. छापा पडला तर घोडा बुडाला."

"आपुरेचा घोडा नाण्यावर बुडतो? पापांसमोर बोलू नका, नावेतून उतरवतील."

"म्हणून तर मला खोटी कमजोरी नको आहे."

"सुसर घाला."

"मग लोक स्वार सोडून सुसरीशीच खेळत बसतील."

पुढचे दिवस असेच गेले. मी नाव बांधायची, तो पत्ते मांडायचा. मी टोमणे मारायची, तो ते कागदावर उतरवल्याचं नाटक करायचा. पण आत काहीतरी टोचत होतं. उत्तर सापडलं तर तो आनंदानं जाईल. नाही सापडलं तर पडलेल्या चेहऱ्यानं जाईल, आणि या नदीचं नावही काढणार नाही. दोन्हीकडून जाणारच... मला फक्त एवढंच हवं होतं, की त्यानं परत यावं. हे सांगायचं कसं?

शनिवारी सकाळी गुरांचा मोठा कळप पलीकडे न्यायचा होता. एवढा कळप नावेत मावत नाही. पुढं एक घोडा पोहतो आणि गुरं त्याच्यामागून जातात. मी माझ्या करड्या घोडीचं खोगीर उतरवून कुंपणावर टाकलं. अन्सेल्मो दोन कप कॉफी घेऊन आला होता.

"खोगीर का काढलंस?"

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"पाण्यात तंगाचा पट्टा सैल होतो, खोगीर पोटाखाली फिरतं, चामडं भिजून जड होतं. घोडीला बुडवायचंय का मला? ते मागून नावेतून येईल."

"आणि तोवर... पलीकडे?"

"तोवर उघड्या पाठीवर. कुणाशी भांडायचं नाही."

"भाला मारला तर?"

"रिकिबीत पाय नसले तर मारणाराच मागं आपटतो. करून बघा ना, मला हसायला हवंच आहे."

कॉफी त्याच्या बुटांवर सांडली, त्याला कळलंही नाही. "ओमाइरा!" त्यानं माझा हात धरला, लगामासकट. "खोगीर मागं राहतं! नाव पकडली, पण खोगीर येईपर्यंत साधा शिपाईही त्याला पाडू शकतो!"

हात सोडायचं मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही. शेवटी घोडीनंच लगाम ओढला.

दुपारी खोगिराचा नवा पत्ता कापून आम्ही खेळलो. कधी मी हरले, कधी तो, आणि दर वेळी शेवटच्या पत्त्यापर्यंत श्वास अडकलेला. पापाही बसले, आणि पापांनी लबाडी केली. म्हणजे खेळ जमला होता. अन्सेल्मो ओसरीच्या खांबाला टेकून नुसता हसत राहिला, डोक्यावरचं मोठं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा.

रविवारी आम्ही त्याला पलीकडे सोडलं. वाटेत मी एकही टोमणा मारला नाही. बस उभी होती. तो पत्त्यांची पेटी आणि पिशवी घेऊन चढ चढू लागला—आणि मला एकदम दिसलं, खांद्यावर झुल्याची वळकटी नव्हती.

"अन्सेल्मो! झुला राहिला!"

तो वळला आणि चिखलातून परत खाली आला. "राहिला नाही. ठेवलाय."

"का?"

"मी नदी ओलांडली ना? नियम काय आहे?"

"खोगीर... मागं राहतं."

"आणि त्याच्याशिवाय स्वार काही कामाचा नसतो. कुणीही ढकलावं, पडतो." त्यानं चष्मा काढला, पुसला, उगाच पुन्हा पुसला. "म्हणजे मला यावंच लागेल. न्यायलाच असं नाही... तू म्हणशील तर कायमचा तिथंच बांधलेला राहू दे."

कालपासून धरून ठेवलेला माझा श्वास सुटला, आणि तो हसू होऊन बाहेर आला.

"तोवर त्यात कुणी झोपलं तर चालेल?"

"कोण?"

"आहे एक. गाठ तिनंच बांधली होती."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. अन्सेल्मो धावला, घसरला, सावरला, आणि खिडकीतून दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिला.

"पोरी," पापा मागून म्हणाले, "बस केव्हाच गेली. तू दोर धरूनच उभी आहेस. नाव काय खांद्यावरून न्यायची?"

मी दोर सोडला. नदीच्या मध्यावर नेहमीसारखा वारा आला. येऊ दे म्हटलं. उडून जाण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. जे होतं ते अलीकडच्या काठावर दोन खांबांना पक्कं बांधलेलं होतं.