न बघण्याची पैज

माझ्या फोनने मान टाकली ती अगदी भर सौद्यात. बाजार बंद व्हायला जेमतेम अर्धा तास, सकाळी घेतलेले शेअर घसरताहेत, आणि मी आमच्या शाहपुरा भागातल्या मोबाइलच्या दुकानात काळ्या स्क्रीनवर बोट आपटत उभी. बाहेर मावठ्याची बारीक भुरभुर.

"भैया, पाच मिनिट में कर दो ना."

"एक घंटा तो लगेगा, मॅडम."

"मेले मी…" मी पुटपुटले.

"मराठी?" शेजारच्या मुलाने विचारलं. मी मान हलवेपर्यंत त्याने आपलं सिम काढून फोन माझ्यापुढे धरलासुद्धा. "तुमचं सिम घाला. ओटीपी येईल."

शेअर विकून सुटले, मगच त्याच्याकडे नीट पाहिलं. ओल्या बाह्या, शांत डोळे. नाव गौरांग, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, अवधपुरीत, कारखान्यात इंजिनिअर.

"रोज एवढी धावपळ?" त्याने विचारलं.

"रोज. ट्रेडिंगसाठी नोकरी सोडलीय मी. तुम्ही नाही करत?"

"माझा साधा इंडेक्स फंड. सगळ्या मोठ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे, खर्च नावाला. शेवटचा कधी बघितला… आठवत नाही."

मला रागच आला. इतकं निवांत कुणी कसं असू शकतं? "लावा पैज," मी म्हणाले. "पन्नास हजार तुमच्या फंडात, पन्नास माझ्या ट्रेडिंगला. वर्षाने बघू."

"चालेल. पण मध्ये मध्ये भेटावं लागेल… हिशोबाला."

"शनिवारी बाजार बंद असतो," मी जरा जास्तच पटकन म्हणाले.

मग दर शनिवारी तलावाकाठी पोहे-जलेबी. मी आठवडाभराचे सौदे सांगायची, तो ऐकायचा. बाकाखाली माझा पाय सारखा हलत असायचा. एकदा त्याने आपला बूट माझ्या चपलेला हलकेच टेकवला. "शर्वरी, थांब ना जरा." पाय थांबला. बाकी काहीच थांबलं नाही.

दिवाळीनंतर मला वेगळीच हुरहूर लागली. नफा व्हायचा, पण ब्रोकरेज आणि टॅक्स त्यातलं बरंचसं खाऊन टाकायचे. मी हरणार हे दिसत होतं, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण पैज संपल्यावर शनिवारी भेटायचं कशासाठी? तो तर काही न करण्यावर विश्वास असलेला माणूस. माझ्या बाबतीतही तसाच बसून राहिला तर?

शेवटच्या शनिवारी तो आला, पण जलेबीला हात लावेना.

"सगळं जाऊन चार टक्के," मी म्हणाले. "इंडेक्स बारा. हरले मी."

पाण्याकडे बघत तो म्हणाला, "माझे तीन."

"कसं शक्य आहे?"

"होळीला बाजार पडला तेव्हा घाबरून विकला. वर गेल्यावर परत घेतला."

"तू? तू तर बघतही नाहीस."

"नव्हतो बघत… तू भेटेपर्यंत. मग वाटलं, तुझ्याशी बोलायला काहीतरी पाहिजे. रोज उघडायला लागलो. ऑफिसात, जेवताना… चैनच पडेना, यार." त्याचे कान लाल झाले होते. "आणि ते फंडामुळे नव्हतं."

मला हसू आलं, आणि डोळेही भरले. आम्ही दोघांनी पैसे फंडात टाकून हात लावला नसता तर दोघंही पुढे असतो, आणि मला त्याचं जराही दुःख नव्हतं.

"मला तू फार आवडतोस," मी सांगून टाकलं. "आता फोन दे."

मी त्याच्या ॲपचा पासवर्ड बदलला.

"काय ठेवलास?"

"दहा वर्षं सांगणार नाही."

"मध्येच बघावंसं वाटलं तर?"

"मला विचारायचं. मी नाही म्हणेन."

"दहा वर्षं… असशील ना पण?"

मी माझाही फोन त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "माझा तू बदल."