कानातलं नाव

बाळाचं बारसं राहिलं ते विनतावन्संमुळे. आमच्याकडे कानात नाव सांगायचा मान आत्याचाच, आणि त्या नागपुरात अडकलेल्या. त्रेचाळीस साल; गाड्या सगळ्या पलटणींनी भरलेल्या. ‘मी येईपर्यंत नाव ठेवायचं नाही,’ असं त्यांचं कार्ड आलं. हे म्हणाले, “राहू दे. ताईचं मन काहून मोडायचं?” तोफगाड्यांच्या कारखान्यात यांच्या दोन-दोन पाळ्या, वाद घालायला माणूस घरात तर हवा.

पाच महिने बाळ नुसतंच ‘बाळ’ होतं.

घमापुरातल्या आमच्या दाराशी महिन्यातून एकदा हिंगवाला खान यायचा. वैशाखातल्या एका दुपारी बाळ रडून रडून निळं पडलेलं. खानाने उंबऱ्याबाहेर बसूनच दोन ओळी गुणगुणल्या. बाळ गप्प.

“किसका गाना है, खानसाहब?”

“हमारे एक बादशाह का, बीबी. घोर के पहाड़ों का अमीर. अकेला सौ से लड़ता था, और गीत भी खुद बनाता था.”

शब्द कळले नाहीत, चाल राहिली. पोळ्या लाटताना, दुपटी वाळत घालताना मी तीच म्हणू लागले. बाळ चटकन निजायचं.

मग पाळण्याच्या दोरीला घोड्याच्या घामाचा वास येऊ लागला. टांग्यांचा अड्डा जवळच आहे, म्हटलं. मग एकदा भर उन्हाळ्यात दुपटं बर्फासारखं गार लागलं. माठाजवळ पडलं असेल. मग बाळ हाकेला वळेनासं झालं. दाराकडे बघत राहायचं.

पुढच्या महिन्यात खान आला, तेव्हा मी झोके देत गातच होते. तो पोतडी न उतरवता ऐकत राहिला.

“बीबी, ये आगे का किसने सिखाया?”

“आप ही ने तो.”

“मैंने दो ही मिसरे गाए थे. आगे का तो मुझे भी नहीं आता.”

माझ्या हातातली दोरी थांबली.

“बच्चे का नाम?”

“अभी नहीं रखा.”

“आज ही रख दो. जिसका नाम नहीं, उसे वो बादशाह अपना दे देता है. फिर साथ ले जाता है.” हिंग न देताच तो पायऱ्या उतरला.

वन्सं रुसतील तर रुसू देत. मी दार लावलं, कडी घातली, बाळाला मांडीवर घेतलं. मानेला दुधाचा वास होता. कान मात्र गार होता. ओला. नुकतेच कुणी ओठ टेकल्यासारखा.

“नीलकंठ,” मी म्हटलं.

तो दाराकडे बघत होता.

“नीलकंठ.”

कडी हलली.

“माझा आहे तो. नीलकंठ!”

चौथ्यांदा म्हटलं, तेव्हा कारखान्याचा भोंगा झाला. बाळाने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

खान पुन्हा आला नाही. ती चाल मी ओठांवर येऊ दिली नाही. “आमचा मान पठाणाने नेला,” असा टोमणा वन्सं अजून मारतात. मारोत. लढाई संपली, नीलकंठ चार वर्षांचा झाला. रोज दुपारी निजवताना मी त्याच्या कानात चार वेळा नाव सांगते. एक दिवस चुकलेला नाही, चुकणारही नाही. तो निजला की मी लिहायला बसते.

आज डोळे मिटता मिटता त्याने विचारलं, “आई, तू चार-चार वेळा काहून सांगून राहिली? तो तर एकदाच सांगते.”